मलेशियात जाऊन पनीर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

पर्यटन पुरवणीत मलेशियावर काही आलं की पेट्रोनास टॉवर, बाटू केव्ह्ज, गेंटिंग सगळं असतं आणि जेवणाबद्दल शेवटी एक ओळ, भारतीय जेवण सहज मिळतं, काळजी नसावी. मी नोकरीमुळे क्वालालंपूरला राहतो आणि मला वाटतं या एका ओळीनेच सगळा घोळ होतो. १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपली मंडळी भरपूर येतायत, आणि टूरवाले त्यांना बसमधून उतरवून थेट बुफेत नेतात, पनीर बटर मसाला, जीरा राइस, गुलाबजाम. माझे मामा-मामी अशाच एका ग्रुपबरोबर आले होते, रोज तेच. मामी वैतागून म्हणाली, अरे हे ठाण्यात पण मिळतं, आणि तिथे निदान गरम तरी असतं.

मग एका संध्याकाळी त्यांना ब्रिकफिल्ड्सला, म्हणजे क्वालालंपूरमधल्या भारतीय वस्तीच्या भागात, मामाक हॉटेलात नेलं. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खानावळ, बरीचशी चोवीस तास उघडी, प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीवर फुटबॉल, आणि शेजारच्या टेबलांवर मलाय, चिनी, तमिळ सगळे. रोटी चनाईवाला तेलात मुरलेला मैद्याचा गोळा ओट्यावर आपटत, फिरवत इतका पातळ करतो की आरपार दिसावं, मग घड्या घालून तव्यावर, आणि उतरवल्यावर दोन्ही हातांनी टाळी दिल्यासारखी चेपतो की सगळे पदर सुटे होतात. मामा जागेवर बसलेच नाहीत, तव्यापाशीच उभे. दोन रिंगिटच्या आसपास एक रोटी, सोबत डाळ. वर तेह तारिक, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा चहा, एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतून फेस आणलेला. खूप गोड असतो, डायबेटिसवाल्यांनी 'कुरांग मानिस' म्हणजे साखर कमी असं सांगायचं. नासी लमाक, रोटी चनाई, तेह तारिक हा सगळा इथला नाश्ता २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलाय, आणि आपले लोक तेव्हा हॉटेलात कॉर्नफ्लेक्स खात असतात!

आता शाकाहारी लोकांची भीती अगदीच खोटी नाही, पण ती नीट सांगा ना. खरा धोका मटण-चिकनचा नाही, तो दिसतो तरी. धोका आहे बलाचानचा, आंबवलेल्या कोळंबीच्या लगद्याचा. सांबल नावाच्या लाल चटणीत तो असतो, आणि कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी, लोक हिरवीगार पालेभाजी बघून मागवतात, ती बहुतेक वेळा त्याच्यातच परतलेली. नासी लमाकचा भात नारळाच्या दुधातला, पण वर सुके बारीक मासे. रोटीसोबत न सांगता माशाची करी येते, तेव्हा 'डाल साजा', फक्त डाळ, असं आधीच सांगावं, आणि काही ठिकाणी मैद्यातच अंडं असतं तेही विचारावं. बीफ न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मेनूत नुसतं 'दागिंग', म्हणजे मांस, असेल तर ते बहुतेक बीफच, हलाल बोर्ड बघून पोर्क नाही एवढंच कळतं. अगदीच कडक शाकाहारी असाल तर चिनी बौद्ध लोकांची शाकाहारी हॉटेलं आहेत किंवा ब्रिकफिल्ड्सला केळीच्या पानावरचा भात आहे, रस्सम आणि भाज्या वाढतच राहतात.

आणि मासे खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला इथे येऊन पनीर खायला लावणं हा तर अन्यायच आहे हो. पेनांगची आसाम लक्सा, चिंचेच्या आंबट रश्श्यात बांगडा आणि नूडल्स, आमच्या मामांनी दुसऱ्यांदा मागवली (मामी नाक दाबून बसली होती, पण ते जाऊ दे).

बिलाचं पण छापा, मोठ्या रेस्टॉरंटमध्ये ६ टक्के सर्व्हिस टॅक्स आणि बऱ्याचदा वर १० टक्के सर्व्हिस चार्ज असतो, म्हणजे वेगळी टीप द्यायची गरज नाही, मामाकमध्ये तर कोणी देतच नाही.

टूरवाल्यांना माझं म्हणणं एवढंच की रोज नको, पण एक रात्रीचं जेवण पॅकेजमधून काढा, तेवढे पैसे हातात द्या आणि लोकांना मोकळं सोडा. आणि पुरवणीत पुढच्या वेळी मलेशिया आला तर पेट्रोनासचा फोटो थोडा लहान करून हे चार शब्द चौकटीत टाका: बलाचान, उदांग म्हणजे कोळंबी, इकान म्हणजे मासा, दागिंग.

— एक वाचक, क्वालालंपूर (मूळ चिपळूण)