मेधाला, दादाच्या रिपोर्टबद्दल

प्रिय मेधा,

तुझं पत्र वाचलं. इकडचं तिकडचं बरंच लिहिलंयस, पण फिरून फिरून प्रश्न एकच आलाय. जो तो इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारांबद्दल बोलतोय, मग स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या दादाला ती का देत नाहीत? डॉक्टर टाळताहेत का, की त्यांना माहीतच नाही? मला विचारशील तर दोन्ही नाही. मी उपचार करणारी डॉक्टर नव्हे, हे तुला ठाऊक आहेच. माझं आयुष्य गाठींचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघण्यात गेलंय. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्याकडे गाठीचा तुकडा येतो, तो मेणात बसवतात, त्याचे अगदी पातळ, तीन-चार मायक्रॉनचे काप काढून काचेवर रंगवतात. त्यातली एक तपासणी बघायला मला आजही मजा येते. पेशीचं विभाजन होताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या चौघांची आम्ही हजेरी घेतो. प्रथिन असलं की पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसलं की नुसतं निळं. एखाद्या स्लाइडवर गाठीच्या पेशींचा पट्टाच्या पट्टा निळा असतो आणि त्यांच्या मधे मधे घुसलेले छोटे गोल लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, मात्र ठसठशीत तपकिरी. त्या तपकिरी ठिपक्यांमुळे खात्री पटते की रंग नीट चढलाय, म्हणजे गाठीचा निळेपणा खरा. आणि लिम्फोसाइट आत घुसलेले आहेत, हेही तिथेच दिसतं.

अशा गाठीत दुरुस्ती बंद पडलेली असल्यामुळे जनुकांतल्या चुका साचत जातात. चुकीच्या जनुकातून चुकीचं प्रथिन तयार होतं आणि शरीराच्या टी-पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) ते परकं वाटतं. तू ज्या बातम्यांची कात्रणं पाठवलीस, त्यातली सगळ्यात झगझगीत बातमी याच गाठींची आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये आंद्रेआ सर्सेक आणि लुइस डियाझ यांनी गुदाशयाचा कॅन्सर असलेल्या, आणि हा दुरुस्तीचा दोष असलेल्या रुग्णांना डोस्टारलिमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध दिलं. तीन आठवड्यांतून एकदा, सहा महिने. २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांचे निकाल आले, बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, केमो नाही. २०२५ मध्ये आकडा पुढे गेला: उपचार पूर्ण केलेले ४९, गाठ नाहीशी झालेले ४९. हाच दोष असलेल्या इतर अवयवांच्या गाठींत ५४ पैकी ३५. या आकड्यांत अतिशयोक्ती नाही, ते खरोखरच असे आहेत. फक्त बातमीत शेवटी ढकललेलं एक वाक्य तुझ्या नजरेतून सुटलं असणार: गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हा दोष शंभरात पाच ते दहा जणांतच असतो. आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, दादाच्या, शंभरात एखाद-दुसऱ्यात.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुलाच. दादाच्या रिपोर्टमध्ये ‘एमएमआर’ किंवा ‘एमएसआय’ असं काही लिहिलंय का? दोन्ही या दुरुस्तीच्या दोषाच्याच तपासण्या. अमेरिकेत २०१७ साली पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच औषधाला जी मंजुरी मिळाली, ती अवयवाच्या नावावर नव्हती, या दोषावर होती. गाठ कुठलीही असो, दोष असला तर औषध देता येतं. शक्यता कमी आहे, पण तपासल्याशिवाय सोडून देण्याइतकी कमी नाही.

आता दोष नसेल तर काय, ते सांगते. टी-पेशीवर सीटीएलए-४ आणि पीडी-१ अशी प्रथिनं असतात. त्यांचं काम तिला आवरण्याचं, नाहीतर ती आपल्याच शरीरावर उलटेल. पीडी-१ जपानच्या क्योटोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं. सीटीएलए-४ अडवलं तर उंदरांतल्या गाठी विरघळतात, हे जेम्स ॲलिसन यांनी दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. अंगभर पसरलेल्या मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचे, बहुतेक रुग्ण पूर्वी वर्षभरही काढत नसत. ही दोन्ही प्रथिनं अडवणारी औषधं एकत्र दिल्यावर त्यातले ४३ टक्के १० वर्षांनीही हयात होते. या औषधांना ब्रेक काढणारी औषधं म्हणतात, ते बरोबरच आहे. पण ब्रेक काढून उपयोग कधी? गाडी सुरू असेल तेव्हा.

स्वादुपिंडाच्या गाठीत गाडीच सुरू नसते. त्या स्लाइड मी इतक्या बघितल्यात की डोळे मिटले तरी दिसतात. कॅन्सरच्या पेशी विरळ विरळ, त्यांच्याभोवती राठ तंतूंचं दाट जाळं, आणि लिम्फोसाइट असलेच तर त्या जाळ्याच्या बाहेर, कडेकडेनं. जनुकीय बदलही मोजकेच, त्यामुळे टी-पेशीला परकं वाटावं असं फारसं काही हाती लागत नाही. शिवाय शरीरात नियामक टी-पेशी असतात, बाकीच्यांना शांत ठेवणाऱ्या. त्यांच्यावरच्या कामासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. कॅन्सरची गाठ नेमक्या या नियामक पेशींनाच आपल्याभोवती जमवते. पीडी-१ वरची औषधं एकटी देऊन पाहिली तेव्हा या कॅन्सरवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरचीही तीच कथा. दादाचे डॉक्टर हे औषध देत नाहीत त्यामागे एवढंच कारण आहे गं. लागू पडत नाही हे तपासून झालंय, म्हणून देत नाहीत.

पण म्हणून संशोधक थांबलेत असं नाही, आणि इथे मला खरोखर उत्साह वाटतो. परकं वाटावं असं थोडंच असेल, तर तेवढंच हेरून टी-पेशींना दाखवून द्यायचं, अशी ही कल्पना. पुन्हा स्लोन केटरिंगच, विनोद बालचंद्रन यांचा गट. स्वादुपिंडाची गाठ काढून झाल्यावर तिची जनुकं वाचली, त्या रुग्णाच्या गाठीतलेच जास्तीत जास्त २० बदल निवडले, आणि त्यांची एमआरएनए लस तयार केली. प्रत्येकाची वेगळी. सोबत पीडी-एल१ (पीडी-१ चं जोडीदार प्रथिन) अडवणारं औषध आणि नेहमीची केमो. १६ जणांना लस मिळाली. त्यातल्या ८ जणांत नव्या टी-पेशी तयार झाल्या, ८ जणांत नाही. ज्यांच्यात नाही झाल्या, त्यांचा आजार उलटायला साधारण १३ महिने लागले. ज्यांच्यात झाल्या, त्या आठांपैकी सहा जणांचा आजार तीन वर्षं उलटून गेल्यावरही परतलेला नव्हता.

तू लगेच म्हणशील, बघ, लस आहे की! जरा दम धर. सोळाच माणसं आहेत ही. शिवाय ज्यांच्या शरीराने लशीला प्रतिसाद दिला, त्यांची प्रकृतीच मुळात दणकट असेल, तर लशीचं श्रेय कितपत? त्या गटालाही ही शंका आली होती. त्यांनी त्याच रुग्णांनी घेतलेली कोविडची लस बघितली, ती दोन्ही गटांत सारखीच लागू पडली होती. म्हणजे एका गटाची प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी होती, असं नाही. मला हा तपशील फार आवडला, कारण असा उलटतपास स्वतःच्याच निष्कर्षाचा घ्यायला धैर्य लागतं. तरीही खरी परीक्षा मोठ्या चाचणीत. सुमारे २६० रुग्णांची तशी चाचणी हाती घेतली आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून. तिच्या निकालाआधी मी तरी कुणाला शब्द देणार नाही.

आणखी एक दिशा आहे. या कॅन्सरमध्ये दहांतल्या नऊ गाठींत केआरएएस हे जनुक बिघडलेलं असतं, आणि बिघाडही ठरावीक प्रकारांचेच. मग प्रत्येकासाठी वेगळी लस कशाला, या बिघाडावरच एक तयार लस करू, असा विचार करून ईएलआय-००२ आली. पहिल्या चाचणीत २५ रुग्ण, त्यात २० स्वादुपिंडाचे. २१ जणांत टी-पेशी जाग्या झाल्या. २०२२ मध्ये तर एका बाईंच्या स्वतःच्या टी-पेशी काढून, केआरएएसचा बिघाड ओळखता यावा असा बदल त्यांत करून परत सोडल्या, आणि फुप्फुसात पसरलेल्या गाठी ७२ टक्क्यांनी आकसल्या. मात्र तेच उपचार दुसऱ्या एका रुग्णाला लागू पडले नाहीत. ही दुसरी ओळ तुझ्या कात्रणात नव्हती, मी मुद्दाम पाहिलं.

ग्लायोब्लास्टोमामध्येही असंच. बोस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २०२४ साली तीन रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवात बदललेल्या टी-पेशी सोडल्या, काही दिवसांत स्कॅनवर गाठी आकसल्या. डॉक्टरसुद्धा चकित झाले. पण तिघांपैकी दोघांची गाठ थोड्याच काळात परत आली. तू ‘चमत्कार’ म्हणून खूण केलेलं कात्रण हेच.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मात्र कात्रणांत कुठेच नाही, याचं मला वाईट वाटलं. डोक्या-मानेच्या, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमध्ये त्यांनी निवोलुमॅब हे पीडी-१ अडवणारं औषध फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिलं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असतो! वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. झगमगाट काही नाही, पण जास्तीत जास्त माणसांना औषध पोचवायचं तर असंच संशोधन लागतं.

‘घेऊन तर बघू, तोटा काय’ असं तू लिहिलंयस, त्याचंही उत्तर देते. तोटा आहे. केमोसारखे केस गळत नाहीत, उलट्या फारशा नाहीत, म्हणून लोकांना हे औषध सौम्य वाटतं. पण आवर सुटलेल्या टी-पेशी आतड्यावर गेल्या तर जुलाब थांबत नाहीत, फुप्फुसावर गेल्या तर धाप लागते, थायरॉइड कायमचं बंद पडू शकतं, आणि क्वचित हृदयाच्या स्नायूवर हल्ला झाला तर जीवावर बेततं. औषध थांबवून महिने लोटल्यावरही हे उपटू शकतं. लागू पडण्याची शक्यता असेल तर हे सगळं पत्करावं. नसेल तर दादाच्या नशिबी नुसता त्रास.

आणि हो, ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ ज्या बाटल्या कुणी कुणी आणून देतंय, त्यांचा इम्युनोथेरपीशी काडीचा संबंध नाही. त्या केमोत अडथळा आणू शकतात, म्हणून जे काही घेतोय ते डॉक्टरांना दाखवा. मेलानोमाच्या रुग्णांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासात प्रोबायोटिकच्या, म्हणजे आतड्यातल्या ‘चांगल्या’ जिवाणूंच्या, गोळ्या घेणाऱ्यांना इम्युनोथेरपीचा काही जास्त फायदा झाला नव्हता. तंतुमय अन्न भरपूर खाणाऱ्यांचा आजार मात्र जास्त काळ आटोक्यात राहिला होता.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघू. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचार: एमएमआर किंवा एमएसआय तपासलंय का, केआरएएसचा बिघाड कुठल्या प्रकारचा आहे, आणि दादाला बसेल अशी नव्या उपचाराची एखादी चाचणी कुठे सुरू आहे का. तपासलं नसेल तर पुन्हा बायोप्सी करावी लागेल म्हणून घाबरू नकोस. ऑपरेशनच्या वेळचे मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, बहुतेक वेळा त्यांच्यावरच तपासणी होते. ब्लॉकचा क्रमांक रिपोर्टवर असतो, तो मला कळव.

बीआरसीए या जनुकांचंही विचार. त्यांत आनुवंशिक दोष निघाला तर केमोची निवड बदलते आणि नंतर घ्यायच्या गोळ्याही आहेत, त्या इम्युनोथेरपीत मोडत नाहीत पण उपयोगाच्या आहेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकाची ही आनुवंशिक तपासणी करावी असंच आता सांगतात. आणि दादात तसा काही दोष निघाला, तर मेधा, तुझीही तपासणी करावी लागेल. त्यावर आपण बोलूच, पण आधी त्याचा रिपोर्ट येऊ दे. पानं मागून-पुढून दोन्ही बाजूंनी पाठव, ‘महत्त्वाचं तेवढं’ निवडून नको.

दादाला माझा नमस्कार सांग.

तुझीच,
नीला