हूटर वाजला तर फर्नेस बंद कोण करणार?

मा. संपादक, नमस्कार.

सध्या आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडं स्मार्ट फॅक्टरीची लई चर्चा आहे, सेन्सर बसवा, मशीन बिघडायच्या आधीच मोबाईलवर अलर्ट येतो वगैरे. चांगलंच आहे ते. जुने फिटर स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंग जाणार का सांगायचे, तेच काम सेन्सर चोवीस तास करतो.

पण अलर्ट आल्यावर पुढं काय, हे कोणच बोलत नाही. इंडक्शन फर्नेस घ्या, म्हणजे विजेवर लोखंड वितळवायची भट्टी. आत १४००-१५०० अंशांचं वितळलेलं लोखंड, बाहेर तांब्याची कॉइल आणि त्या कॉइलमधून पाणी फिरतंय, मध्ये आडवं फक्त लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर. लायनिंगला चीर गेली आणि पाणी मेटलखाली सापडलं की वाफ होताना ते दीड हजार पटीहून जास्त फुगतं, म्हणजे स्फोटच. त्यासाठीच ग्राउंड लीकेज डिटेक्टर असतो, मेटल कॉइलकडं सरकलं की तो फर्नेस ट्रिप करतो, म्हणजे आपोआप बंद पाडतो. आता लायनिंग ओलसर असली तरी तो वाजतो हे खरंय, म्हणून मी होतो त्या कारखान्यात डिस्पॅचच्या घाईत तो चक्क बायपास केला होता, म्हणजे असून नसल्यासारखा. एका रात्रपाळीत ऑपरेटरला कॉइलजवळ लाल दिसलं, पोरानं पॉवर पाडली, फर्नेस झुकवून सगळं मेटल खालच्या पिटात, म्हणजे खड्ड्यात ओतलं, माणसं वाचली. आणि सकाळी त्यालाच विचारलं, कुणाला विचारून हीट (भट्टीभर मेटल) ओतलीस? ते मला अजून लागतंय.

पंचगंगेच्या पुराचं बघा की. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाबी पाठ आहे. पाणी इशाऱ्याकडं सरकलं की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायच्या तयारीला लागतात, साहेबांच्या फोनची वाट बघत बसत नाहीत. तसेच दोन आकडे प्रत्येक मशीनवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, पहिल्याला कोण तपासणार, दुसऱ्याला कोण बंद करणार, आणि ते बंद करायला त्या शिफ्टच्या ऑपरेटरला कुणाची परवानगी लागू नये, मग तो कंत्राटी असला तरी. अलार्म खोटा निघाला तर सेन्सर दुरुस्त करा, पण त्याला मेमो देऊ नका. उद्योजक संघटनांनी सेन्सरचे सेमिनार घेताना एवढा एक नियम आधी आपल्या सभासदांकडून लिहून घ्यावा, आणि कारखाना तपासायला येणाऱ्या साहेबांनी नुसता डिटेक्टर बसवलाय का एवढं न बघता तो चालू आहे का हे टेस्टचं बटण दाबून बघावं.

— एक मेंटेनन्स कामगार, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर