आई-बाबा, आधी भुसा बघा

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर सांगितलंत की चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत) पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू होतो, आवाजही नीट आहे, पण कापताना जोर लावावा लागतो आणि काप उजवीकडे भरकटतो. आई, तू पाठवलेल्या फोटोत ओंडक्याखालचा भुसा पिठासारखा बारीक दिसतोय. दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या तर इंजिन ठणठणीत आहे. साखळी बोथट झाली आहे, आणि तीही एका बाजूने जास्त. कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात लावू नका, दुरुस्तीलाही पाठवू नका. हे कानशीचं काम आहे.

धार असलेली साखळी लाकडाच्या ढलप्या काढते, बोटांत धरता येतील एवढ्या. बोथट साखळी लाकूड घासते, म्हणून पीठ पडतं. धार असली की मशीन आपल्या वजनानेच लाकडात उतरतं, हाताने फक्त दिशा धरायची. रेटावं लागलं की थांबायचं. रेटत राहिलं तर बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, तापतो, साखळी ताणली जाते, क्लच घसरून जळतो, आणि हात दमले की पकड सैल होते. अपघात तिथून सुरू होतो. अगदी वाळलेलं लाकूड थोडा बारीक भुसा देतंच, त्यामुळे पारख ओल्या लाकडावर करा.

काप उजवीकडे जातो याचा अर्थ उजव्या बाजूचे दाते जास्त धारदार किंवा लांब आहेत. साखळीवर दाते आळीपाळीने डावे-उजवे असतात. कानस चालवताना एका बाजूला हात सहज बसतो, दुसऱ्या बाजूला अवघडतो, आणि तिकडचे दाते दर वेळी थोडे कमी घासले जातात. शिवाय माती किंवा दगड लागला की कधीकधी एकाच बाजूची धार जाते. नुसतं डावीकडे चार हात जास्त मारून हे सुटत नाही. सगळ्यांत आखूड दाता शोधा आणि बाकीचे सगळे घासून त्याच्या लांबीला आणा. साखळी थोडी खर्ची पडेल, पडू द्या.

आता प्रत्यक्ष धार लावणं. आई, हे काम तू घ्यावंस असं मला वाटतं. तुझी नजर बारीक आहे आणि मोजणं तू विसरत नाहीस. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात जाड हातमोजे, बार शिकंज्यात घट्ट. पहिल्या दात्यावर मार्करने खूण कर, नाहीतर कुठून सुरू केलं ते शेवटी कळत नाही. कानस गोलच हवी, आणि तिची जाडी साखळीच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराप्रमाणे: लो प्रोफाइल तीन-अष्टमांश इंची साखळीला 4 मिमी, 0.325 इंचीला 4.8 मिमी. चुकीच्या जाडीच्या कानशीने दात्याचा आकारच बिघडतो. कानस आडवी, दात्याच्या माथ्यावर कोरलेल्या रेघेला समांतर धर. तो कोन बहुतेक साखळ्यांना 30 अंशांचा असतो. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. दात्याच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलायचं, परत आणताना कानस उचलायची. मागेपुढे घासलं तर कानस मरते आणि धारेवर काठ उभा राहतो. प्रत्येक दात्याला सारखेच हात: तीन तर तीन, पाच तर पाच. एका बाजूचे सगळे दाते संपव, मग मशीन फिरवून दुसरी बाजू. झालं की दाता उजेडात धरून बघ. धारेच्या काठावर पांढरी चकाकणारी रेघ दिसली तर तिथे धार नाही. खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही, ती काळीच दिसते.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि मग तक्रार करतात की धार लावूनही कापत नाही. प्रत्येक दात्याच्या पुढे एक बुटकं टोक असतं. एका फेरीत दात्याने किती खोल चावा घ्यायचा ते हे टोक ठरवतं. दाता घासत गेलात की त्याचा माथा खाली येतो, कारण तो मागे उतरता असतो. टोक मात्र तेवढंच राहतं. शेवटी दोघं एका पातळीला येतात आणि साखळी लाकडावरून नुसती सरकते. लहान-मध्यम साखळ्यांना हे टोक माथ्यापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवं. त्यासाठी खाचेची पट्टी मिळते. ती साखळीवर ठेवायची, खाचेतून जेवढं वर डोकावेल तेवढंच चपट्या कानशीने घासायचं आणि पुढची कड पुन्हा गोल करायची. दर तीन-चार धारांनंतर एकदा पुरे. अंदाजाने घासू नकोस. टोक जास्त खाली गेलं की दाता अधाशासारखा चावा घेतो, मशीन हिसके मारतं आणि उसळतं.

साखळीचा ताण दर वेळी बघायचा. बारचे नट सैल करा, बारचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून स्क्रू फिरवा. साखळी बारच्या खालच्या बाजूला चिकटली पाहिजे, तरी ब्रेक सोडून हातमोज्याने ओढल्यावर सहज सरकली पाहिजे. मग टोक वर धरूनच नट आवळा. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात बरीच ताणते, तेव्हा दोन-तीनदा बघावं लागतं. कापून तापलेली साखळी लोंबते म्हणून आवळलीत, तर काम संपल्यावर आठवणीने सैल करा. थंड होताना ती आकसते आणि तो ताण थेट क्रँकशाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो.

तेलं दोन आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. पेट्रोलमध्ये मिसळायचं ते टूस्ट्रोक तेल. तुमच्या मशीनला पन्नासास एक हे प्रमाण आहे, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली. डोळ्यांनी मोजू नका, मोजमापाचं भांडं घ्या. तेल कमी पडलं तर पिस्टनवर ओरखडे उठतात आणि तो सिलिंडरमध्ये अडकतो. महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा, डब्यावर तारीख लिहा, ओतण्याआधी हलवा. जुनं पेट्रोल कार्बोरेटरचे पडदे कडक करतं, आणि "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा तेच निघतं. दुसरं तेल साखळीचं, चिकट, वेगळ्या टाकीतलं. पेट्रोल भरलं की तेही भरायचं, न चुकता. गाडीचं काळं जळकं तेल त्यात घालू नका, बाबा. त्यात धातूचा चुरा असतो, पंप खराब होतो आणि ते सगळं तुमच्या हातांवर आणि कपड्यांवर उडतं. तेल येतंय का ते असं बघा: बारचं टोक फिक्या रंगाच्या लाकडापासून वीतभर वर धरून थोडा थ्रॉटल द्या. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बहुतेक वेळा बारचं तेलाचं भोक भुशाने बुजलेलं असतं.

म्हणून काम झाल्यावर बाजूचं झाकण उघडायचंच. आत तेल आणि भुसा मिळून ओल्या लगद्यासारखा थर बसतो. ब्रेकच्या पट्ट्याखाली, क्लचभोवती, तेलाच्या भोकावर, सगळीकडे. जुना दातांचा ब्रश आणि लाकडी काडी पुरते. बारच्या खाचेतला लगदा पातळ पट्टीने टोकाकडे ओढून काढा. बारच्या कडांना बाहेर वळलेली धार हाताला लागली तर चपट्या कानशीने सपाट करा, आणि दर सफाईला बार उलटा बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. बार एका बाजूने झिजला तरी काप तिरका जातो. दाते सारखे करूनही काप भरकटत राहिला तर बारच बघा. साखळी ओढणाऱ्या चक्राच्या दातांत 0.5 मिमीच्या आसपास खोल चर पडले असतील तर चक्र बदला, नाहीतर ते नवी साखळीही खाऊन टाकेल.

एअर फिल्टर झटका, कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. प्लगची फट 0.5 मिमी. मशीन चालू होऊन थ्रॉटल देताच मरत असेल तर टाकीतला पेट्रोल फिल्टर आणि सायलेन्सरची काजळलेली जाळी, हे दोन आधी तपासा.

मशीन हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची सवय मोडा, बाबा. जमिनीवर ठेवा, साखळीचा ब्रेक लावलेला, मागच्या मुठीत उजव्या बुटाचं टोक, डावा हात पुढच्या मुठीवर सरळ. थंड मशीनला पूर्ण चोक, पहिला फटका वाजला की चोक अर्धा, मग एक-दोन ओढी. फटका वाजूनही चोक तसाच ठेवून ओढत राहिलं की प्लग भिजतो. मग प्लग काढा, पुसा, चोक बंद करून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि पुन्हा बसवा. थ्रॉटल सोडल्यावर साखळी थांबलीच पाहिजे. फिरत राहिली तर आयडलचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा वेग ठरवणारा, स्क्रू थोडा सैल करा. तरी फिरली तर क्लचची स्प्रिंग गेली आहे, आणि ती बदलेपर्यंत ते मशीन वापरू नका.

आता मला खरी काळजी आहे ती गोष्ट. बारच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या गोल टोकाचा, वरचा चतुर्थांश. तिथे फिरती साखळी कशाला टेकली की दाता अडकतो आणि संपूर्ण बार वर, तुमच्या तोंडाकडे उसळतो. हे सावरायला माणसाला वेळच मिळत नाही. ढिगातलं जळण कापताना हे जास्त होतं, कारण कापायचा ओंडका समोर दिसतो पण नाक त्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या ओंडक्याला लागतं. म्हणून ढिगात कापू नका, एकेक ओंडका बाहेर काढा. डावा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला हवा, वर ठेवलेला नको. डोकं आणि खांदा बारच्या रेषेत नको. शरीर रेषेच्या डावीकडे. खांद्याच्या वर आणि शिडीवर चेनसॉ चालवायचाच नाही. सुरू केल्यावर दर वेळी पुढची ढाल पुढे ढकलून ब्रेक लागतो का ते तपासा.

बार अडकतो तो लाकडातल्या ताणामुळे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून तिसरा हिस्सा कापा, उरलेलं खालून वर. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल, तर उलट: आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. खालून कापताना साखळी मशीनला तुमच्याकडे ढकलते, तेव्हा मांडीचा आधार घट्ट ठेवा. जमिनीवर आडव्या पडलेल्या ओंडक्याला सगळ्या खुणांवर तीन-चतुर्थांश काप द्या, मग तो पलटवून उरलेलं कापा. साखळी मातीत एकदा जरी शिरली तरी आईची तासाभराची मेहनत गेली. जाड ओंडक्यात काप मिटायला लागण्याआधीच प्लॅस्टिकची पाचर ठोका, लोखंडाची नको. तरीही बार अडकला तर इंजिन बंद करा आणि पाचरीने काप उघडा. ओढाओढीत बार वाकतो. बारीक फांद्या पायाखाली धरून कापू नका, लाकडी घोडीवर ठेवा.

तुकड्यांची लांबी चुलीच्या तोंडापेक्षा चार बोटं कमी. मापाची एक काठी ठेवा, आई खडूने खुणा करून देईल. लाकूड ओलं असतानाच कापून फोडून घ्या. ते कापायला सोपं जातं आणि फोडलेलं लवकर वाळतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की जाळण्याजोगं.

बाबा कापत असताना आई, तू दहा पावलं लांब आणि त्यांना दिसेल अशी समोरच्या बाजूला राहा. मागून जाऊन खांद्याला हात लावू नकोस, कानावर इअरमफ असताना माणूस दचकतो. बाबा, तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता, म्हणून दाब देऊन बांधायची पट्टी खिशात हवी, घरात नको. चेनसॉची पँट उकाड्यातही घाला. तिच्यातले लांब धागे साखळीत गुंतून चक्र अडवतात. एकदा कापली गेली की ती पँट बाद, शिवून चालत नाही. एक टाकी संपली की बसा, मशीन थंड होऊ द्या, आणि पेट्रोल भरलेल्या जागेपासून तीन मीटर लांब नेऊनच पुन्हा सुरू करा. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा. महिनाभर वापरायचं नसेल तर टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा.

मी कानस, खाचेची पट्टी आणि एक जादा साखळी पाठवते आहे, पण त्याआधी मला तीन गोष्टी हव्यात: पिच, गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि साखळीच्या आतल्या कड्यांची संख्या. बार पुसला की मशीनजवळच्या टोकाला हे कोरलेलं दिसेल. आई, फोटो काढण्याआधी तिथला तेलकट लगदा नीट खरवड. मागच्या फोटोत 3 आहे की 8, ते कळलं नाही.

तुमची,
लेक