पाणीपट्टी कापली, तरी थकबाकीदार

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कृष्णेच्या पुराचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळवण्याच्या प्रकल्पाविषयीचा वृत्तांत कालच्या अंकात वाचला आणि ‘शाश्वत पुरवठा साखळीतील सहकार्य’ या शब्दांपाशी अडखळलो. त्या साखळीत पंप पुरवणारे आले, पोलादी नळ्या बनवणारे आले, ठेकेदार, सल्लागार आणि कर्ज देणारी बँकही आली. मात्र ज्या पाणीवापर संस्थेने हे पाणी मोजून घ्यायचे, शेतकऱ्यांत वाटायचे आणि त्याची पट्टी गोळा करायची, तिचा उल्लेख एका ओळीतही नाही. मी अशाच एका संस्थेचा सचिव आहे. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून माळावर आणणाऱ्या एका योजनेच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, आमचे गाव आहे, आणि साखळी नेमकी कुठे तुटते हे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो.

माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. कार्यालयाचे आणि साखर कारखान्याचे नाव लिहीत नाही; तिथली माणसे बदलली, पद्धत तीच राहिली. माझा दीड एकर ऊस आणि दोन एकर डाळिंब आहे. ऊस गेला त्या हंगामात कारखान्याने बिलातून ६,८४० रुपये पाणीपट्टी कापून घेतली आणि चिठ्ठीवर तसा रकानाही भरून दिला. पुढच्या उन्हाळी आवर्तनासाठी, म्हणजे ठरावीक दिवस कालव्यात सुटणाऱ्या पाण्यासाठी, सात नंबरचा पाणीमागणी अर्ज घेऊन मी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात गेलो, तेव्हा लिपिकाने रजिस्टर फिरवून माझ्यासमोर केले. माझ्या गट क्रमांकापुढे लाल शाईने थकबाकी लिहिलेली होती आणि थकबाकीदाराचा अर्ज मंजूर होत नाही. मी चिठ्ठी दाखवली. कारखान्याकडून रक्कम जमा झाली आहे, पण ती एकरकमी आली आहे आणि शेतकरीनिहाय यादी जुळत नाही, असे उत्तर मिळाले. कारखान्यात गेलो, तर तिथे यादी पाठवल्याची पोच दाखवण्यात आली.

शेवटी दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन मी घरी ओसरीवर शेजारी शेजारी मांडल्या. कारखान्याची यादी सभासद क्रमांकाने लावलेली, आणि तीत माझ्या वडिलांचे नाव, कारण उसाची नोंद अजून त्यांच्याच नावाने होते. कार्यालयाचे रजिस्टर गट क्रमांकाने लावलेले, आणि त्यात वारसनोंदीनंतरचे माझे नाव. कारखान्याच्या यादीत गट क्रमांकाचा रकाना नव्हता आणि कार्यालयाच्या रजिस्टरात सभासद क्रमांकाचा. दोघांनीही आपापले काम नियमाने केले होते. ते जुळवून घेण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते. आमच्या वितरिकेवरची, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या पाटावरची, अशी ४३ नावे मी दोन रात्री जागून जुळवली आणि तक्ता नेऊन दिला. तो ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ म्हणून ठेवून घेतला गेला. माझे नाव थकबाकीतून निघाले ते पाच महिन्यांनी. तोवर उन्हाळी आवर्तन होऊन गेले होते. डाळिंब लिंबाएवढे असताना पाणी तुटले, पुढे टँकरचे पाणी दिले तेव्हा फळे झाडावरच तडकली. डाळिंब घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याच्या मुकादमाने बाग पाहून भाव न बोलताच गाडी वळवली.

हे एका शेतकऱ्याचे रडगाणे म्हणून कोणी बाजूला ठेवू नये, कारण याच वसुलीवर पंप चालतात. १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी केवळ १०० मीटर उंच चढवायचे झाले, आणि पंपांची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तरी जवळजवळ १ कोटी युनिट वीज लागते. कराडजवळ टेंभू येथे उचललेले पाणी तर पाच टप्पे चढून दुष्काळी भागात येते. म्हणूनच टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या पाणी उपसणाऱ्या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के भार लाभधारकांनी उचलायचा, असे ठरले. तो निर्णय आमच्या दृष्टीने मोठा होता आणि त्यासाठी या भागातील लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आहेत. परंतु आमचे १९ टक्के उसाच्या बिलातून निघून कारखान्यामार्फत योजनेकडे आणि तिथून वीजबिलात जाताना मधल्या एका रजिस्टरात अडकले, तर कागदोपत्री शेतकरी बुडवा ठरतो, बिल थकते, पंप सुरू व्हायला उशीर होतो, आणि ज्याने पैसे भरले तोच पुढच्या वर्षी भरायला कां-कूं करतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? सचिव म्हणून घरोघर वसुलीला मी जातो, आणि मला हे ऐकून घ्यावे लागते.

यावर कायदा नाही, असे नाही. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ हा कायदा २००५ मध्ये झाला. त्यात संस्थेशी करारनामा, संयुक्त पाहणी, वितरिकेची दुरुस्ती करून हस्तांतरण आणि घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून दिलेले पाणी, हे सारे आहे. आमची संस्था नोंदली गेली, शिक्का तयार झाला, पाहणीही झाली. करारनामा मात्र अजून झालेला नाही, म्हणून आजही प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र अर्ज घेऊन रांगेत उभे राहावे लागते. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचेच व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. तिथले पाणी उताराने वाहते, आमचे वीज जाळून चढते, हा फरक मला मान्य आहे. पण जिथे प्रत्येक थेंबाला विजेचे मोल पडते, तिथे करारनाम्याची गरज वाघाडपेक्षा जास्तच आहे.

पुराचे पाणी वळवण्याला माझा विरोध नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलेले मी पाहिले आहे. परंतु पूर येतो पावसाळ्यात आणि आमची तहान असते मार्च ते मे, तेव्हा हे पाणी कोणत्या तलावांत साठवायचे, ते पुढे कोणत्या वितरिकेतून सोडायचे आणि त्याच्या विजेचे पैसे कोणी कसे भरायचे, हे नळ्यांची निविदा निघण्याआधी ठरले पाहिजे. त्या बैठकीला योजनेचे स्थापत्य आणि यांत्रिकी असे दोन्ही विभाग, वीज कंपनी, साखर कारखाने आणि पाणीवापर संस्था एकत्र बसल्या पाहिजेत, आणि वसुलीची नोंदवही सर्वांची एकच असली पाहिजे, जिच्यात सभासद क्रमांक आणि गट क्रमांक शेजारी शेजारी असतील. हजारो कोटींच्या कामात एवढा एक रकाना वाढवायला वेगळे कर्ज काढावे लागणार नाही.

जाता जाता एक तक्रार आपल्या वृत्तपत्राविषयीही आहे, ती राग न मानता ऐकावी. पंप सुरू झाले, की दुसऱ्या दिवशी आपण जलपूजनाचे छायाचित्र आणि ‘आवर्तन सुटले’ असा मथळा पहिल्या पानावर छापता. ते पाहून पाहुणे फोन करतात आणि आमच्या वितरिकेच्या तळाला तेव्हा भेगा पडलेल्या असतात. मागील आवर्तनात त्या मथळ्यानंतर तेराव्या दिवशी आमच्या शेवटच्या विमोचकातून, म्हणजे शेताकडे पाणी सोडणाऱ्या दारातून, पाणी आले, तेही रात्री अडीच वाजता, आणि दोन दिवसांत वरून बंद झाले. या वेळी पाणी तिथे ज्या दिवशी पोचेल, त्याच सकाळी मी आपल्या जिल्हा कार्यालयाला कळवीन. ती तारीखही आपण छापावी, ही विनंती.

आपला,
एका पाणीवापर संस्थेचा सचिव,
जि. सांगली