सिंगल माल्टची प्रतवारी वयावरून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या उत्तम सिंगल माल्ट व्हिस्कींची यादी वाचली. यादी सरळ वयानुसार, म्हणजे पिंपात किती वर्षे मुरली त्यानुसार, लावली आहे. सर्वांत वर ३० वर्षांची, मग २५, मग १८, आणि तळाला, ‘बाटलीवर वय दिलेले नाही’ असा शेरा मारून, दोन भारतीय माल्ट. रंग जितका गडद तितकी व्हिस्की मुरलेली, असेही शेजारच्या चौकटीत म्हटले आहे. या दोन्ही विधानांना माझी हरकत आहे.

माझी सगळी नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, प्रयोगशाळेच्या बाजूला गेली. मळी आंबवायची आणि कॉलममधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मजल्यामजल्यांच्या उंच मनोऱ्यातून, चढवायची की वरून ९५-९६ टक्क्यांचे स्पिरिट निघते. इतके स्वच्छ, की ते मळीपासून झाले की धान्यापासून हे नाकाला सांगता येत नाही. सिंगल माल्टचे याच्या नेमके उलट असते. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या हंड्यातून, घाण्याघाण्याने ती काढतात. दुसऱ्या फेरीला मिळणारे स्पिरिट ७० टक्क्यांच्या आसपास असते. उरलेल्या भागात पाणी असते आणि त्याबरोबर बार्ली, यीस्ट, धूर यांचे असंख्य अंश येतात. आम्ही कारखान्यात जे काढून टाकण्यासाठी धडपडायचो, तेच तिथे जपतात. निवृत्तीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो तो यामुळेच.

सांगलीत आमचा चार-पाच जणांचा गट आहे. भूलतज्ज्ञ असलेल्या एक डॉक्टरबाई, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, द्राक्ष बागायतदार असलेले एक स्नेही आणि मी. सगळे परवानाधारक. जमतो तेव्हा प्रत्येकाच्या ग्लासात बोटभरही नसते आणि संध्याकाळ मात्र वादात जाते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कारखान्याच्या परिसरात मी जवळून पाहिली आहेत. म्हणून वर्तमानपत्राने हा विषय छापूच नये असे म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. छापायचाच असेल तर मात्र तो नीट छापावा, एवढेच म्हणणे आहे.

आमच्यातला सर्वांत जुना वाद आयला बेटावरचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलरी आहेत. लाफ्रॉइग आणि आर्डबेग १८१५ च्या, लागावूलिन १८१६ ची. पहिलीपासून तिसरीपर्यंत माणूस रमतगमत चालत जाईल, इतके कमी अंतर. हवा एक, समुद्र एक, आणि तिघींचीही बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या धुरावर सुकवलेली. तरी तीन ग्लास शेजारी ठेवले तर एकाचे दुसऱ्याशी पटत नाही.

डॉक्टरबाई लाफ्रॉइगच्या बाजूच्या. दहा वर्षांची लाफ्रॉइग नाकाशी नेली की आयोडीनचा, औषधी वास भसकन येतो. पहिल्यांदा त्यांनी हुंगली आणि म्हणाल्या, “मिरजेला शिकत असतानाचा ड्रेसिंगचा ट्रे आठवला.” हे त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, आणि आजही त्यांना दुसरी चालत नाही. प्राध्यापकांची लागावूलिन, सोळा वर्षांची. तिच्यातला धूर अंगावर येत नाही. आधी सुकलेले अंजीर आणि मनुका लागतात, धूर मागाहून येतो आणि बराच वेळ घशाशी रेंगाळतो.

आर्डबेगने मात्र मला माझ्या धंद्यातले काहीतरी दाखवले. धूर दिलेल्या बार्लीत फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी रसायने, किती उतरले ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, मोजतात. लागावूलिनच्या बार्लीत ते साधारण ३५, लाफ्रॉइगच्या ४० ते ४५ आणि आर्डबेगच्या ५५ च्या घरात. आकड्याने आर्डबेग सर्वांत उग्र असायला हवी. पण जिभेवर ती लाफ्रॉइगपेक्षा हलकी लागते, लिंबाच्या सालीसारखी स्वच्छ आणि चक्क गोडसर. यामागचे एक मोठे कारण तिच्या स्टिलच्या मानेत आहे. दुसऱ्या फेरीच्या स्टिलमधून वाफ ज्या नळीने बाहेर पडते, तिला आर्डबेगमध्ये प्युरिफायर जोडलेला आहे. जड वाफ तिथे निवळते आणि पुन्हा खालच्या भांड्यात पडते, हलकी तेवढी पुढे जाते. उलट लाफ्रॉइगमध्ये सुरुवातीची धार बराच वेळ बाजूला काढतात. त्यामुळे आधी येणारा फळांचा गोडवा निघून जातो आणि पुढचा डांबरी, औषधी भाग ठळक होतो. शिवाय पीपीएमचा आकडा बार्लीचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. आंबवण, ऊर्ध्वपातन आणि पिंपातली वर्षे यांत त्यातले बरेच फिनॉल गळून जाते. हे सगळे कळले तेव्हा आमच्या कारखान्यातल्या कॉलमचा एकेक मजला माझ्या डोळ्यांपुढून गेला. एका आखूड नळीने चव बदलते, आणि तिच्याबद्दल यादीत अवाक्षर नाही.

माझी स्वतःची आवड विचाराल तर टालिस्कर, दहा वर्षांची, ४५.८ टक्के. नाकाला खारट वारा, मध्ये थोडा धूर, आणि गिळल्यावर काळी मिरी. बागायतदार स्नेह्यांना धूर अजिबात सोसत नाही. ते ग्लेनफार्क्लसचे. १८६५ पासून ती डिस्टिलरी एकाच ग्रँट घराण्याकडे आहे, स्टिलखाली अजूनही थेट जाळ लागतो आणि माल मुख्यतः शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपांत मुरतो. बेदाण्याच्या शेडमध्ये शिरल्यासारखे वाटते, हे त्यांचे वाक्य, आणि त्यांच्या तोंडी ते शोभते.

आता वयाचा मुद्दा. स्कॉटलंडच्या नियमानुसार व्हिस्की किमान तीन वर्षे, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच मुरावी लागते. बाटलीवरचा आकडा म्हणजे आत मिसळलेल्या सर्वांत तरुण पिंपाचे वय. पिंप कसले होते, कितव्यांदा भरले होते, हे तो आकडा सांगत नाही. अमेरिकेत बर्बनला, म्हणजे तिथल्या मुख्यतः मक्याच्या व्हिस्कीला, नवे कोरे, आतून जाळलेले ओकचे पिंपच लागते. एकदा वापरलेली पिंपे मग स्कॉटलंडला जातात, आणि आपल्याला माल्टमध्ये जी व्हॅनिला लागते ती मुख्यतः तिथली. तेच पिंप तिसऱ्या-चौथ्यांदा भरले तर लाकडात द्यायला फारसे उरलेले नसते. अशा थकलेल्या पिंपातली १८ वर्षे आणि ताज्या पिंपातली १० वर्षे यांत मी दुसरी निवडेन.

आणि ही स्कॉटलंडच्या थंडीतली गोष्ट झाली. पिंपातून दर वर्षी जी व्हिस्की उडून जाते तिला तिकडे ‘एंजल्स शेअर’ म्हणतात. तिथे ती वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असते, बेंगळूरूत दहा टक्क्यांच्याही वर जाते. आपल्याकडचे दहा धरून हिशेब केला तर १०० लिटरमधले बारा वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे ७८ लिटर उरतात, आपल्याकडे जेमतेम २८. शिवाय उष्णतेने लाकूड आणि स्पिरिट यांची देवाणघेवाण इतकी झपाट्याने होते, की फार ठेवले तर लाकडाचा तुरटपणाच उरतो. भारतीय माल्टवर मोठे वय नसते त्याचे कारण हे आहे, आणि ‘उल्लेख नसल्यामुळे’ तळाला टाकणे हा म्हणूनच अन्याय आहे. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची माल्ट काढली, तिचे नावच मुळी ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवले होते. १९४८ मध्ये जगदाळे कुटुंबाने बेंगळूरूत सुरू केलेली ही कंपनी. त्यांनी आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये पहिल्यांदा विकायला ठेवली ती थेट ग्लासगोत! त्यांची ‘फ्यूजन’ भारतीय साधी बार्ली आणि स्कॉटलंडची धूर दिलेली बार्ली यांची मिळून, ५० टक्क्यांची. पाण्याचे चार थेंब घातले की तिच्यातला गोडवा उलगडतो.

गोव्यातली पॉल जॉन तर आपल्या दारातली. कुंकळ्ळीच्या दमट उन्हाळ्यात मुरणारी ही माल्ट २०१२ मध्ये लंडनमध्ये बाजारात आली. ‘ब्रिलियन्स’मध्ये धूर नाही, ‘एडिटेड’मध्ये बेताचा, ‘बोल्ड’मध्ये भरपूर. सिंगल माल्ट समजून घेऊ पाहणाऱ्याला मी याच तिघी एका ओळीत ठेवायला सांगतो. धूर एकेक पायरी कसा चढतो ते कळते, आणि आयलाची बाटली घेण्याआधी तो आपल्याला झेपतो का, तेही समजते.

रंगाबद्दल थोडक्यात. स्कॉच सिंगल माल्टमध्ये साधा कॅरामेल रंग घालायला तिथला कायदा परवानगी देतो. तेव्हा गडदपणावरून मुरलेपण ठरवता येत नाही.

तुलना करायचीच तर ती कशी करावी, हेही चौकटीत यायला हवे होते. ग्लास वरून निमुळता असावा, सगळ्यांचा सारखा. बर्फ नको, सोडा नको, आणि तिखट फरसाण नंतर. आम्ही ओतल्यावर ग्लासवर बशी झाकून दहा मिनिटे थांबतो. आधी नुसता वास, मग एक घोट, मग थेंबभर पाणी. पाण्याने चव खुलते ही केवळ समजूत नाही. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपावरून दाखवले, की पाण्याने स्पिरिट सौम्य केले की ग्वायकॉल हा धुराच्या वासाचा रेणू पृष्ठभागाजवळ जमतो. बाटल्या आतल्या खोलीत राहतात आणि ग्लासाखालच्या चिठ्ठीवर फक्त क्रमांक असतो. किंमत आणि वय डोळ्यांपुढे असले की माणूस तेच चाखतो.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात व्हिस्कीवरचे १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. दुकानांत बाटल्या वाढणार, आणि घेणारा आपल्या पुरवणीसारखीच यादी मोबाइलवर दाखवून मागणार. म्हणून विनंती आहे, की पुढच्या वेळी प्रत्येक नावापुढे पिंप कोणते, अल्कोहोल किती टक्के आणि पीट आहे की नाही, एवढे तरी छापा. वय छापायला हरकत नाही, पण त्यावरून क्रम लावू नका.

एक दुरुस्तीही कृपया करावी. लेखात टालिस्कर आयला बेटावर दाखवली आहे. ती स्काय बेटावर, कार्बोस्ट गावात आहे, १८३० पासून.

आपला,
एक निवृत्त आसवनी रसायनतज्ज्ञ, सांगली