यादीत आमच्या वजनाचं कोणीच नाही का?

प्रिय संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर जगातल्या दहा महान बॉक्सरांची यादी आली, त्यात आठ जण हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातले. मोहम्मद अलीबद्दल वादच नाही, पण हलक्या गटांतून आलेल्या जुन्या अमेरिकन बॉक्सरांपैकी शुगर रे रॉबिन्सन नवव्या नंबरवर आणि हेन्री आर्मस्ट्राँगचं नावच नाही, हे बघून राहवेना म्हणून लिहितोय. माझी पुतणी ४८ किलोत खेळते, ती यादी वाचून म्हणाली, काका, यात आमच्या वजनाचं कोणीच नाही का?

अहो, हेवीवेट सगळ्यात ताकदवान हे मान्य, पण ताकदवान म्हणजेच श्रेष्ठ असं कसं? साठ किलोचा माणूस शंभर किलोवाल्याचा मार सोसू शकत नाही म्हणून तर वजनी गट केले. मग तुलना करताना दोघांचं वजन सारखं असतं तर भारी कोण पडलं असतं हे बघायला पाहिजे. यालाच पाउंड फॉर पाउंड म्हणतात आणि हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः रॉबिन्सनमुळे.

हे नुसतं कल्पनेतलं आहे असं कुणी म्हणेल. पण आपल्यापेक्षा जड माणसासमोर उभं राहून काय केलं हे तर दिसतं ना! ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत आर्मस्ट्राँगनं फेदर, वेल्टर आणि लाइटवेट अशा तीन वजनी गटांची टायटल जिंकली आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे होती. फेदरची मर्यादा ५७ किलो, वेल्टरची साडेसहासष्टच्या पुढे, आणि तेव्हा मुख्य गटच आठ होते. आज सतरा गट, चार संघटना आणि प्रत्येकीचा बेल्ट वेगळा, त्यामुळे नुसते बेल्ट मोजून काही कळत नाही. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओला मी कमी लेखत नाही, फ्लायवेटपासून सुपर वेल्टरपर्यंत जाऊन आठ गटांत जिंकणं खायचं काम नाही.

आणि रॉबिन्सन! २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. हा मिडलवेटचा चॅम्पियन, समोर त्याहून जड लाइट हेवीवेट गटाचा चॅम्पियन जोई मॅक्सिम, याच्यापेक्षा सातएक किलोनं जड. उकाडा इतका की दहा राउंडनंतर रेफरीच बदलावा लागला. तेरा राउंड झाले तेव्हा गुण देणाऱ्या तिघांच्याही कार्डांवर रॉबिन्सन पुढे होता पण चौदाव्याला त्याला बाहेर येताच आलं नाही, अंगात त्राणच उरलं नव्हतं. रेकॉर्डमध्ये ती हार म्हणून लागली. मला विचाराल तर त्याच्या कितीतरी विजयांपेक्षा मी ती लढत वर ठेवीन. त्यानंतर महिन्याभरातच हेलसिंकीला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ऑलिम्पिक कुस्तीत ५७ किलोत ब्राँझ मिळवलं, त्यांना हलक्या गटातले म्हणून कुणी कमी मानलेलं मी तरी ऐकलं नाही.

पुतणीला मी मेरी कोमचं सांगितलं. २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला बॉक्सिंगचे तीनच गट होते, तिचा ४८ किलोचा नव्हताच, म्हणून ती ५१ मध्ये उतरली आणि ब्राँझ घेऊन आली. मेक्सिकोच्या रिकार्डो लोपेझचंही सांगितलं, साडेसत्तेचाळीस किलोच्या गटातला माणूस, ५१ विजय, एक बरोबरी, हार एकही नाही. पण काकानं सांगणं वेगळं आणि पेपरात छापून येणं वेगळं. मेरी कोम आणि लोपेझ या दोघांवर अर्धं पान तरी द्या, तिला कात्रण करून ठेवायचंय.

आपला नियमित वाचक,
कराड