काउंटरच्या कडेच्या दोन जागा

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या महिन्यात तू इकडे येतो आहेस हे वाचून फार आनंद झाला. गेल्या शनिवारी मी शहरात नव्याने निघालेल्या एका जपानी रेस्टॉरंटमध्ये जेवलो आणि त्या रात्रीपासून तुला तिथे घेऊन जायचे माझ्या मनात घोळते आहे. तू मासे खात नाहीस. तिथे गेल्यावर तुझी पंचाईत होऊ नये म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

जागा अगदी लहान आहे. फिक्या लाकडाचा एक लांब काउंटर, त्याला लागून दहा खुर्च्या, आणि पलीकडे सर्वांच्या नजरेसमोर काम करणारे शेफ. मेनूकार्ड नाही; काय वाढायचे ते शेफनेच ठरवायचे. या पद्धतीला जपानीत ‘ओमाकासे’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’. बसल्याबरोबर हात पुसायला गरम, ओला रुमाल मिळाला आणि पाठोपाठ झाकण असलेल्या वाटीतून सूप आले.

ते सूप इतके नितळ होते की वाटीचा तळ दिसत होता. तोफूचा एक तुकडा, युझू या लिंबूवर्गीय फळाच्या सालीची एक चकती, बाकी काही नाही. पहिला घोट घेतला आणि मी वाटी खाली ठेवायची विसरलो. तेल नाही, मसाला नाही, मीठही बेताचे, तरी चव जिभेवर कितीतरी वेळ रेंगाळत राहिली. मी विचारले तेव्हा शेफने ‘दाशी’, म्हणजे या सूपाचे मूळ चवदार पाणी, कशी करतात ते समजावून सांगितले. कोम्बू नावाचे वाळवलेले समुद्री शैवाल पाण्यात भिजवून मंद आचेवर तापवायचे आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचे, नाही तर पाण्याला चिकटपणा येतो. मग त्या पाण्यात कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचा पातळ कीस, टाकून थोड्याच वेळात गाळून घ्यायचा. या कोम्बूतूनच किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा केला आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढे 1913 साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट हा घटक दाखवून दिला. हे दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते. त्या नितळ पाण्याने मला का थांबवले ते तेव्हा कळले.

तुझी खरी अडचण इथेच आहे, श्रीधर. कच्चा मासा समोर दिसतो, त्याला नको म्हणता येते. दाशी मात्र दिसत नाही. मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, शिजवलेल्या भाज्या, अंड्याचे वाफवलेले चावानमुशी, तेम्पुरा या भज्यांसारख्या तळणाबरोबर येणारा बुडवून खायचा रस्सा, या सगळ्यांत ती असते. वरून निव्वळ भाजीचा वाटणारा पदार्थही त्यामुळे तुला चालेलच असे नाही. मात्र जपानमधील बौद्ध मठांची ‘शोजिन र्योरी’ ही शाकाहारी परंपरा फार जुनी आहे आणि तिच्यात कोम्बू व वाळवलेल्या शिताके अळंबीची दाशी करतात. अळंबी भिजायलाच बराच वेळ लागतो, म्हणून एक दिवस आधी सांगितले तर तुझ्यासाठी तशी दाशी करू, असे शेफने आपण होऊन कबूल केले. त्यांच्या या शब्दावरच मी तुला बोलावतो आहे.

सुशीबद्दल माझा समज पार बदलला. मी मासा पाहायला गेलो होतो आणि लक्षात राहिला तो भात. मुळात सुशी ही मासा टिकवण्याची युक्ती होती: खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा आणि खाताना भात टाकून द्यायचा. पुढे भातात व्हिनेगर घालून आंबटपणा आणू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, निगिरी, म्हणजे हाताने वळलेल्या भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, रूढ झाली. शेफने हातावर ठेवलेल्या निगिरीचा भात अंगाइतकाच कोमट होता. बोटांत धरला तर अखंड राहत होता आणि तोंडात गेल्यावर शीत न् शीत मोकळे होत होते. ती लगेच खायची असते आणि हाताने खाल्ली तरी चालते. तुझ्यासाठी काकडीची माकी, म्हणजे शैवालाच्या पानात गुंडाळलेली सुशी, आणि भाजलेल्या वांग्याची निगिरी होईल. वसाबी या झणझणीत वनस्पतीचा कंद समोर शार्कच्या कातडीच्या किसणीवर किसून देतात. त्याचा सुगंध काही मिनिटांतच उतरतो, तेव्हा तो मागे ठेवू नकोस.

सगळेच जमले होते असे नाही. एका पदार्थावर ट्रफल या उग्र वासाच्या अळंबीचे तेल शिंपडले होते आणि त्या वासाखाली मासा पूर्ण दबून गेला. नवेपणासाठी केलेली ती भर मला मनापासून खटकली. गोड पदार्थ साधा होता. शेवटचा माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, मात्र कडसर आणि सुरेख.

एक सांगायचे राहिले. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस आणि माझ्या चॉपस्टिकमधून घास थेट तुझ्या चॉपस्टिकने घेऊ नकोस. जपानमध्ये या दोन्ही कृती अंत्यविधीत होतात, म्हणून जेवताना त्या अशुभ मानतात.

तुझी तारीख नक्की झाली की लगेच कळव. काउंटरच्या डाव्या कडेच्या दोन जागा मी सांगून ठेवीन. तिथून दाशी गाळताना स्पष्ट दिसते आणि झाकण उघडल्यावरची पहिली वाफ तुझ्याबरोबर घ्यायची माझी फार इच्छा आहे.

तुझा,
अविनाश